चित्रपटातील वाद्यवृंद मनाला का भिडतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पार्श्वसंगीतावर बोलायला उभे राहिले की श्रोत्यांकडून काही ठरावीक प्रश्न येतातच, आणि कार्यक्रम संपल्यावर तेच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत लिहूनही येतात. त्यांतले जे पुन्हा पुन्हा आले ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्या रसिकांचे आहेत, पुढचे अधिक अडचणीचे आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. काही उत्तरांत, विशेषतः ५ आणि १५ मध्ये, कथानकाचा शेवट उघड होतो. ज्यांनी ते चित्रपट पाहिलेले नाहीत त्यांनी ही उत्तरे नंतर वाचावीत.

१. पार्श्वसंगीत म्हणजे नेमके काय? गाण्याला चाल लावणे आणि पार्श्वसंगीत देणे हे एकच काम नाही का?

पात्रांना ऐकू न येणारे, पण प्रेक्षकाला ऐकू येणारे, दृश्यामागचे संगीत म्हणजे पार्श्वसंगीत. मुंबईच्या रेकॉर्डिंगच्या व्यवसायात त्याला नुसते 'बॅकग्राउंड' म्हणतात, तर तरुण मंडळी 'बीजीएम' म्हणतात. गाण्याला स्वतःचा मुखडा, अंतरा आणि शब्द असतात. ते चित्रपटातून बाहेर काढले तरी पुरते राहते. पार्श्वसंगीताला असे स्वतःचे घर नसते. दारातून आत आलेल्या पात्राला खुर्चीपर्यंत पोहोचायला किती सेकंद लागतात यावर त्याची लांबी ठरते, आणि संवाद सुरू झाला की त्याला अंग चोरून उभे राहावे लागते. त्यामुळे उत्तम चाली बांधणारा संगीतकार उत्तम पार्श्वसंगीत देईलच असे नाही, आणि हिंदी चित्रपटांत ही दोन कामे अनेकदा दोन वेगळ्या व्यक्तींकडे असतात.

२. वाद्यवृंदात किती वादक असतात? एवढ्या लोकांची खरोखरच गरज असते का?

पूर्ण सिंफनी वाद्यवृंद साधारण ८० ते १०० वादकांचा असतो आणि त्यातले निम्म्याहून अधिक तंतुवाद्ये वाजवतात: व्हायोलिनचे दोन गट, व्हायोला, चेलो आणि डबल बास. उरलेल्यांत बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बसून यांसारखी लाकडी सुषिर वाद्ये, हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा ही पितळी वाद्ये, शिवाय हार्प आणि तालवाद्ये येतात.

सोळा व्हायोलिन म्हणजे एका व्हायोलिनचा सोळापट मोठा आवाज, असा समज असतो. तो चुकीचा आहे. सोळा माणसे एकच स्वर वाजवतात तेव्हा प्रत्येकाचा स्वर केसभर वर-खाली असतो, प्रत्येकाचा गज क्षणभर मागे-पुढे सुटतो आणि प्रत्येकाचे बोट वेगळ्या गतीने थरथरते. या बारीक फरकांच्या मिसळणीतून एक दाट, हलता, जिवंत आवाज तयार होतो, आणि तो कोणा एकाचा राहत नाही. एकटे व्हायोलिन एका माणसाचे दुःख सांगते. सोळा व्हायोलिन सांगतात तेव्हा ते दुःख कोणाचे हे सांगता येत नाही, म्हणून ते प्रेक्षकाला आपले वाटू शकते. दुसरे म्हणजे या समूहाला अत्यंत हळू वाजवता येते. शंभर माणसे मिळून कुजबुजल्यासारखी वाजवू लागतात, तेव्हा जो ताण निर्माण होतो तो चार वाद्यांच्या हळू वाजवण्यात येत नाही.

३. संगीत चित्रीकरणाआधी तयार होते की नंतर?

बहुतेक वेळा नंतर. संकलन जवळजवळ पूर्ण झाल्यावर दिग्दर्शक आणि संगीतकार चित्रपट एकत्र पाहतात आणि संगीत कोठे सुरू व्हावे, कोठे थांबावे, हे सेकंदांच्या हिशेबाने ठरवतात. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय येथेच होतो, आणि त्यात अजून एकही स्वर लिहिलेला नसतो. पुढे संगीतकार नोटेशन लिहितो, वाद्ययोजना करणारा अरेंजर ते वेगवेगळ्या वाद्यांना वाटून देतो, आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी वादकांच्या कानांत ठेका देणारी टकटक वाजत असते, म्हणजे प्रत्येक स्वर पडद्यावरच्या हालचालीशी नेमका जुळतो.

याला अपवाद आहेत आणि ते शिकण्यासारखे आहेत. एन्निओ मोरिकोने यांनी १९६८ च्या 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'साठी संगीत आधी रचले आणि चित्रीकरणाच्या वेळी ते सेटवर वाजवले जात असे. त्या चित्रपटात माणसे ज्या संथ लयीत चालतात आणि वळतात ती लय तेथून आली आहे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या १९८२ च्या 'ई.टी.'च्या अखेरच्या भागात संगीत पडद्याशी बसेना, तेव्हा दिग्दर्शकाने पडदा बंद करायला सांगितला, संगीतकार जॉन विल्यम्स यांना मैफलीत करावे तसे मोकळेपणाने वाद्यवृंदाचे संचालन करू दिले, आणि नंतर चित्रपटच त्या संगीताप्रमाणे कापला. 'इंटरस्टेलर'च्या (२०१४) वेळी दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन यांनी संगीतकार हान्स झिमर यांना कथानक न सांगता पिता आणि अपत्य यांच्या नात्यावरचा एक पानभर मजकूर तेवढा दिला. अंतराळाच्या त्या चित्रपटाचे संगीत त्या एका पानावरून सुरू झाले.

४. काही ठिकाणी अंगावर काटा का येतो?

याचे उत्तर अर्धे शरीरात आणि अर्धे स्वररचनेत आहे. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये असे दाखवले की आवडत्या संगीताने रोमांच येतात तेव्हा मेंदूत डोपामिन हे रसायन स्रवते, आणि त्यातही एक भाग तो उत्कट क्षण येण्यापूर्वी, केवळ त्याची चाहूल लागल्यावर, कार्यरत होतो. म्हणजे 'आता येणार' हे कळणे हाही आनंदाचाच भाग आहे. समेकडे येणाऱ्या तिहाईचा अनुभव ज्याने घेतला आहे त्याला हे प्रयोगशाळेने सांगायची गरज नाही.

स्वररचनेच्या बाजूने पाहता ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी १९९१ मध्ये श्रोत्यांना विचारले होते की नेमक्या कोणत्या जागी तुमच्या डोळ्यांत पाणी येते किंवा काटा येतो. डोळ्यांत पाणी आणणाऱ्या जागांमध्ये एक युक्ती वारंवार आढळली: ज्या स्वरावर विसावायचे त्याच्या शेजारच्या, त्या क्षणीच्या स्वरमेळात, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या जुळणीत, न बसणाऱ्या स्वरावर आधी जोर द्यायचा आणि मग हलकेच योग्य स्वरावर उतरायचे. खुपणे आणि सुटका असा तो सूक्ष्म खेळ आहे. काटा येण्याच्या जागा वेगळ्या होत्या. तेथे स्वरमेळ अनपेक्षितपणे बदलत होता. वाद्यवृंद एवढा मोठा असतो की हे दोन्ही तो एकाच क्षणी करू शकतो. ज्यांना काटा येतच नाही त्यांनी प्रश्न १४ पाहावा.

५. पहिल्यांदा ऐकताना काही वाटले नाही, पण चित्रपटाच्या शेवटी तीच धून आली आणि रडू कोसळले. असे का?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर लांब आहे. वाद्यवृंद भावना आयती आणून देत नाही. तो आधी एखाद्या पात्राशी, जागेशी किंवा इच्छेशी एक धून बांधून ठेवतो, दोन तास ती वेगवेगळ्या रूपांत ऐकवत राहतो, आणि मग योग्य वेळी ती परत करतो. आपल्याला रडवते ती तोपर्यंत साठलेली आठवण. जर्मन संगीतकार रिचर्ड वॅग्नर यांच्या ऑपेरांमुळे ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि व्हिएन्नातून हॉलिवूडला गेलेल्या मॅक्स स्टायनर यांनी १९३३ च्या 'किंग काँग'मध्ये ती बोलपटात ठामपणे वापरली. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' चित्रत्रयीसाठी हॉवर्ड शोअर यांनी रचलेल्या अशा धूनांची संख्या ८० च्या वर जाते.

एक उदाहरण जवळून पाहू. 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या १९८० च्या चित्रपटात डार्थ व्हेडर या खलनायकाचे कूच-संगीत प्रथम येते. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि हॉर्न एकत्र, खाली तंतुवाद्यांचा ठोकल्यासारखा ठेका. ऐकणाऱ्याला फौज दिसू लागते. तीन वर्षांनी आलेल्या पुढच्या चित्रपटात हाच व्हेडर मुलाच्या डोळ्यांसमोर शेवटचा श्वास घेतो. जॉन विल्यम्स तेथे दुःखाची नवी धून लिहीत नाहीत. ते तेच कूच-संगीत घेतात, त्यातले पितळ काढून टाकतात, लय सैल करतात आणि ते मंद होत होत अखेर हार्पच्या तारांवर विरते. स्वर तेच असतात, फक्त चिलखत उतरलेले असते. ज्याने आधीचे कूच-संगीत ऐकलेले नाही त्याला हे काही मंजूळ स्वर वाटतील. ज्याने ऐकले आहे त्याला त्या काही क्षणांत एका माणसाचे पूर्ण आयुष्य ऐकू येते.

म्हणूनच केवळ संगीताची तबकडी ऐकून 'यात एवढे काय आहे' असे म्हणणाऱ्याशी वाद घालू नये. त्याने हप्ते भरलेलेच नाहीत, तर त्याला व्याज कसे मिळणार?

६. भीतिदायक संगीतात तंतुवाद्ये किंचाळतात. त्याची सुरुवात कोठून झाली?

किंचाळी पूर्वीही होती, पण तिचा आदर्श ठरला तो आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'सायको'मध्ये (१९६०). संगीतकार बर्नार्ड हर्मन यांनी संपूर्ण चित्रपट केवळ तंतुवाद्यांवर रचला. कृष्णधवल चित्राला कृष्णधवल ध्वनी हवा, अशी त्यांची भूमिका होती. स्नानगृहातल्या खुनाच्या दृश्याला संगीत नको, असे हिचकॉक यांचे मत होते. हर्मन यांनी तरीही ते लिहिले, आणि ऐकल्यावर हिचकॉक यांनी आपले मत बदलले.

ते दृश्य कान देऊन ऐकावे. चित्रपटभर तंतुवाद्यांवर आवाज दबवणारी छोटी टोपी, म्हणजे म्यूट, लावलेली असते. या दृश्यात ती काढली जाते, त्यामुळे आवाज अचानक सोललेला, उघडा येतो. अतिशय वरच्या पट्टीत व्हायोलिनचा एक गट झटके देऊ लागतो, मग एकामागून एक गट आधीच्या स्वराशी मुद्दाम न जुळणारे स्वर घेऊन सामील होतात. प्रत्येक झटका म्हणजे गजाचा तोडलेला, खरवडणारा फटकारा असतो. खुनी निघून गेल्यावर चेलो आणि डबल बास अगदी खालच्या पट्टीत, जड पावलांनी, मागे उरतात. सुरा शरीरात शिरताना जवळजवळ दिसत नाही; तो आपण कानांनी पाहतो.

७. 'जॉज'ची धून म्हणजे फक्त दोन स्वर. एवढ्या साध्या गोष्टीचा एवढा परिणाम कसा?

१९७५ च्या या चित्रपटासाठी जॉन विल्यम्स यांनी शार्कची धून प्रथम पियानोवर वाजवून दाखवली, तेव्हा स्पीलबर्ग यांना ती थट्टा वाटली होती. आपल्या भाषेत सांगायचे तर षड्ज आणि त्याला चिकटलेला कोमल ऋषभ, इतकेच ते अंतर आहे. खालच्या पट्टीतली तंतुवाद्ये हे दोन स्वर आधी थांबत थांबत वाजवतात आणि मग लय वाढत जाते. लय म्हणजे अंतर, हे प्रेक्षकाला कोणी न सांगता कळते.

मात्र खरी कारागिरी वेगळीच आहे. दोन पोरे पुठ्ठ्याचा पर लावून किनाऱ्यावर घबराट उडवतात, त्या दृश्यात ही धून वाजत नाही. म्हणजे ती कधीच खोटे बोलत नाही. प्रेक्षकाचा तिच्यावर विश्वास बसतो, आणि तो बसल्यावर एका जागी शार्क काहीही पूर्वसूचना न देता पाण्यातून वर येतो. विश्वास आधी मिळवल्याशिवाय तो मोडता येत नाही.

८. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत पाश्चात्य वाद्यवृंद कसा रुजला?

या प्रश्नाचे उत्तर गोव्याच्या वाटेने जाते. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्य नोटेशन शिकवले जाई. हे वादक मुंबईत आले तेव्हा येथल्या चित्रपट संगीताला नेमकी त्यांचीच गरज होती, कारण आपले संगीतकार चाली मुखोद्गत ठेवणारे होते, आणि पन्नास माणसांनी एकाच वेळी वेगवेगळे स्वर वाजवायचे असतील तर ते कोणीतरी कागदावर उतरवून द्यावे लागतात. ते उतरवणारा तो अरेंजर. सेबॅस्टियन डिसूझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी केलेली वाद्ययोजना ऐकली की तंतुवाद्यांचा तो पुरासारखा चढत येणारा आवाज लगेच ओळखू येतो. अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांनी त्यांच्याकडे व्हायोलिनचे धडे घेतले. रागांवर आधारित रचना पूर्ण वाद्यवृंदाकडून वाजवून घेण्याचे त्यांचे स्वप्न होते आणि १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी तसा कार्यक्रम केलाही. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये त्यांच्या नावाने गाजलेले गाणे म्हणजे प्यारेलाल यांनी आपल्या गुरूला दिलेली मानवंदना आहे.

या मंडळींची नावे श्रेयनामावलीत क्वचितच येत. हे सांगताना मला दर वेळी थोडा संकोच वाटतो, कारण ज्या सुरावटी आपण आयुष्यभर गुणगुणतो त्यांतली कित्येक मधली संगीतखंडे कोणी रचली हे आपल्याला ठाऊक नसते. पुढे सिंथेसायझर आले आणि मोठमोठे वाद्यवृंद बसवणे हळूहळू मागे पडले.

९. मराठी चित्रपटासाठी खरा सिंफनी वाद्यवृंद वापरला गेला आहे का?

होय. २०१६ च्या 'सैराट'च्या गाण्यांसाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसमधील सोनी स्कोअरिंग स्टेजवर वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण केले. हा तोच हॉल, जेथे हॉलिवूडच्या अनेक मोठ्या चित्रपटांचे संगीत ध्वनिमुद्रित झाले आहे. करमाळ्याच्या परिसरातल्या विहिरी, उसाचे फड आणि तेथली बोली यांच्या मागे शंभर नंबरी सिंफनी वाजते, आणि तरीही ती उपरी वाटत नाही. याचे कारण असे की ती पोरे स्वतःच्या प्रेमाला तेवढेच भव्य समजत असतात. वाद्यवृंद गावाचे वर्णन करत नाही, त्यांच्या डोक्यात काय चालले आहे ते सांगतो. याच चित्रपटाचा उल्लेख प्रश्न १५ मध्ये पुन्हा येईल.

१०. आपल्या रागसंगीतात पाश्चात्य स्वरमेळ नाही. मग भारतीय कानाला सिंफनी का भिडते? आणि वाद्यवृंद नसेल तर परिणाम कमी होतो का?

पहिल्या भागाचे उत्तर सवयीत आहे. प्रश्न ८ मध्ये सांगितलेल्या अरेंजर मंडळींनी तीन पिढ्या आपले कान तयार केले आहेत. आकाशवाणीवर हिंदी गाणी ऐकत वाढलेल्या माणसाला स्वरमेळ परका राहिलेलाच नाही.

दुसऱ्या भागाचे उत्तर 'नाही' असे आहे. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'त (१९५५) पंडित रविशंकर यांचे संगीत आहे आणि तेथे सिंफनी वाद्यवृंद नाही. परगावाहून परतलेला हरिहर मुलीसाठी आणलेली साडी पुढे करतो, मुलगी या जगात नाही हे त्याला ठाऊक नसते, आणि त्याची बायको सर्बजया कोसळते. तिचे तोंड हंबरड्यासाठी उघडते, पण हंबरडा ऐकू येत नाही. त्याच्या जागी तारशहनाई या गजाने वाजणाऱ्या वाद्यावरचा तार सप्तकातला पटदीप राग येतो. तेथे ऐंशी वादकांनी काय अधिक केले असते, हे मला सुचत नाही. वाद्यवृंद हे मोठे साधन आहे, पण ते प्रत्येक कुलपाची किल्ली नव्हे.

११. संगणकावर सगळी वाद्ये मिळतात. मग खऱ्या वादकांवर खर्च कशासाठी?

संगणकातले नमुने खऱ्या वादकांकडूनच घेतलेले असतात आणि आज ते इतके चांगले आहेत की अनेक ठिकाणी फरक ओळखणे कठीण जाते. वेगवान, ठोकळेबाज, तालप्रधान संगीतात तर ते पुरेसे असतात. फरक पडतो तो संथ, उघड्या सुरावटीत. 'शिंडलर्स लिस्ट'मध्ये (१९९३) इट्झाक पर्लमन यांचे व्हायोलिन एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना जे घसरते, जेथे थांबते, जेथे गज हलका होतो, ते सगळे त्या क्षणी त्या माणसाने घेतलेले निर्णय आहेत. शिवाय हॉलमध्ये एकत्र बसलेले वादक एकमेकांचा श्वास ऐकून वाजवतात. व्यवहारात मधला मार्ग निघतो: पाया संगणकावर रचायचा आणि वर थोडी खरी तंतुवाद्ये घ्यायची. याला मी फसवणूक म्हणणार नाही.

१२. अलीकडे सगळे पार्श्वसंगीत एकसारखे वाटते. हा माझा भ्रम आहे का?

भ्रम नाही. संकलनाच्या काळात रिकामे दृश्य बघवत नाही, म्हणून संकलक दुसऱ्याच एखाद्या चित्रपटाचे संगीत तात्पुरते लावून ठेवतो. दिग्दर्शक तेच आठवडेच्या आठवडे ऐकतो, त्याच्या प्रेमात पडतो, आणि मग नव्या संगीतकाराला सांगतो, 'असेच, पण वेगळे दे.' सर्वांत प्रसिद्ध बळी ॲलेक्स नॉर्थ यांचा: '२००१: अ स्पेस ओडिसी'साठी (१९६८) त्यांनी रचलेले संगीत स्टॅन्ली कुब्रिक यांनी वापरलेच नाही, तात्पुरत्या लावलेल्या अभिजात रचनाच कायम ठेवल्या, आणि नॉर्थ यांना ते चित्रपट पाहताना कळले. त्या चित्रपटाचे भले झाले, हे मान्य करावे लागते. पण ती सवय बाकीच्यांना महागात पडली.

साचे जुने आहेत. माझी आई दिवाणखान्यात टीव्ही चालू असताना स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे. पोळी लाटता लाटता तेथूनच विचारी, 'गेला का रे तो?' आणि तो गेलेला असे. व्हायोलिननी तिला आधीच कळवलेले असे.

१३. अशा संगीताने प्रेक्षकाला जबरदस्तीने रडवले जाते, ही टीका योग्य आहे का?

कधी कधी अगदी योग्य आहे. वर सांगितलेली 'आधीच कळवणारी' व्हायोलिन हे त्याचेच उदाहरण. ज्या दुःखाची तयारी कथेने केलेली नाही तेथे वाद्यवृंद ओतला की प्रेक्षकाला आपला खिसा कापला जात असल्याची जाणीव होते.

परंतु 'दृश्यात वाद्ये नाहीत, मग संगीत आले कोठून' हा आक्षेप मला पटत नाही. याबाबत एक किस्सा नेहमी सांगितला जातो. 'लाइफबोट' (१९४४) हा चित्रपट समुद्रातल्या एका होडीत घडतो, म्हणून हिचकॉक यांनी विचारणा केली की भर समुद्रात संगीत येणार कोठून. ती संगीतकार डेव्हिड रॅक्सिन यांच्या कानावर गेली, तेव्हा त्यांनी उलट निरोप पाठवला, की कॅमेरा कोठून आला ते आधी सांगावे. कॅमेऱ्याची चौकट, संकलकाची कात्री, प्रकाशयोजना ही सगळीच आपल्या भावनांना वळण देतात. आपण केवळ संगीतालाच पकडतो, कारण ते ऐकू येते.

पुष्कळदा सर्वांत प्रामाणिक संगीत दृश्याच्या विरुद्ध जाणारे असते. 'प्लॅटून'मध्ये (१९८६) व्हिएतनाममधल्या हिंसेवर सॅम्युएल बार्बर यांची संथ, प्रार्थनेसारखी तंतुवाद्यरचना वाजते. 'द गॉडफादर'मध्ये (१९७२) बाप्तिस्म्याच्या विधीतले चर्चचे ऑर्गन शहरभर चाललेल्या खुनांवर तसेच वाजत राहते. काय वाटून घ्यायचे हे तेथे कोणी सांगत नाही, आणि म्हणूनच ती दृश्ये अधिक झोंबतात.

१४. माझे डोळे कोरडेच राहतात. माझ्यात काही कमी आहे का?

नाही. काटा येणे हे सर्वांना सारखे होत नाही. बार्सिलोनातील संशोधकांनी २०१४ मध्ये अशा निरोगी माणसांचा अभ्यास केला ज्यांना संगीतातून आनंद मिळत नाही, पण इतर गोष्टींतून नेहमीसारखा मिळतो. त्यांचे स्वरज्ञान ठीक होते.

मात्र त्याआधी एक साधी गोष्ट तपासा. डबल बासचा सर्वांत खालचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो, आणि मोबाइलच्या टिचभर स्पीकरमधून तो बाहेर पडूच शकत नाही. 'जॉज' मोबाइलवर पाहून भीती वाटली नाही, अशी तक्रार करणाऱ्याने शार्क ऐकलेलाच नसतो. चांगला हेडफोन लावा. आवडते दृश्य एकदा आवाज बंद करून पाहा, मग डोळे मिटून नुसते ऐका, मग दोन्ही एकत्र. फरक कोठे पडतो ते तिसऱ्या खेपेला आपोआप कळते.

१५. संगीतच नसलेले चित्रपटही हलवून सोडतात. मग या सगळ्या विवेचनाला अर्थ काय?

हा प्रश्न बहुधा मागच्या रांगेतून येतो आणि तो रास्त आहे. हिचकॉक यांच्या 'द बर्ड्स'मध्ये (१९६३) रूढ अर्थाने पार्श्वसंगीत नाही. विद्युत-वाद्यावर तयार केलेले पक्ष्यांचे आवाज आहेत, आणि त्यांवर सल्लागार म्हणून काम केले ते 'सायको'च्याच हर्मन यांनी. 'जुरासिक पार्क'मध्ये (१९९३) पावसात टी-रेक्स कुंपण तोडून बाहेर येतो त्या दृश्याला विल्यम्स यांनी संगीत दिलेले नाही. पेल्यातले पाणी हलते, पाऊस पडत राहतो, बस्स. आपल्याकडे तर प्रभातने १९३७ मध्येच हे धाडस केले होते. व्ही. शांताराम यांच्या 'कुंकू'त पार्श्वसंगीत नाही. घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज आहेत. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावून दिलेल्या नीराच्या संतापाला एकही व्हायोलिन मदतीला येत नाही, तो संताप तिला एकटीलाच पेलावा लागतो.

मात्र 'कुंकू'तली शांतता आणि वाद्यवृंद थांबल्यावरची शांतता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली सुरुवातीपासून असते. दुसरी कोणीतरी काहीतरी काढून घेतल्याने उरते, आणि ती येण्यासाठी आधी संगीत असावे लागते. 'सैराट'मध्ये प्रश्न ९ मध्ये सांगितलेला तो सगळा वाद्यवृंद आर्ची आणि परशा यांच्या मागे धावलेला असतो. शेवटी शेजारीण त्यांच्या मुलाला घेऊन घरी परत येते. मूल आत जाते आणि आईबापांना पाहते. पडद्यावरचा सगळा आवाज गेलेला असतो. ते रडते, रडणे दिसते, ऐकू येत नाही. मग ते वळते आणि बाहेर चालू लागते, आणि फरशीवर त्याच्या पावलांचे लाल ठसे उमटत जातात.